पावणेनऊची होडी

आमच्या घरात एक सून आहे. नदी ओलांडणाऱ्या लोकांची कोंडी सोडवायची, यासाठी तिला पगार मिळतो. त्याच घरात एक नवरा आहे, माझा. तो रोज सकाळी ती कोंडी करतो, तेही फुकट. दोघं एकाच टेबलाशी चहा पितात, एकाच डब्यातली बिस्किटं खातात आणि एकमेकांशी इतकं गोड वागतात की बघणाऱ्याला मधुमेह व्हावा. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण ज्याने कोणी केली, तो आमच्याकडे चहाला येऊन गेला असणार.

कोंडी कशाची, ते सांगते. ज्यांनी आमचा हा भाग वसवला, त्यांनी घरं सगळी या काठावर बांधली आणि कचेऱ्या, कॉलेज, इस्पितळ, कोर्ट त्या काठावर. मधे नदी, चांगली रुंद. ती ओलांडायला तीन वाटा. वरच्या अंगाला दगडी पूल आहे. तो इतका अरुंद, की दोन बस समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, आणि कोणी जायचं यावर दोन्ही ड्रायव्हर आधी खाली उतरून चर्चा करतात. खालच्या अंगाला तराफा आहे, तो भरल्याशिवाय हलत नाही आणि भरला की हलवता येत नाही. आणि मधे उचलपूल. लोखंडी, मोठा, मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंनी वर उचलला जाणारा. खालून जाणाऱ्या बोटीची डोलकाठी उंच असेल आणि तिने तीनदा भोंगा वाजवला, तर पूल उचलायचाच, मग वर कोणीही असो. पाण्याचा हक्क आधी, असा तिथला जुना नियम आहे.

एके काळी त्या नियमाला अर्थ होता, कारण बोटी पुष्कळ होत्या. आता मोठी बोट महिन्यातून एखादी, तीही दुपारची. रोज न चुकता भोंगा वाजवणारी होडी एकच उरली आहे. पावणेनऊ म्हणजे पावणेनऊ. शिडाची, एकट्याने हाकता येईल एवढी, आणि तिच्यात टोपी घालून ताठ बसलेले आमचे हे.

हे पायलट होते. पायलट म्हटलं की लोकांना विमान आठवतं. लग्नाच्या वेळी माझ्या मावशीनेही "मुलगा उडतो" असंच सगळीकडे सांगितलं होतं. हे नदीतले पायलट. बाहेरून आलेल्या जहाजावर चढायचं आणि गाळात न रुतवता त्याला धक्क्याला आणायचं. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता सकाळचा माणूस घरात बसेल. चहा घेईल, पेपर वाचेल, माझ्याशी दोन शब्द बोलेल. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी हे बूट घालून दारात उभे. "कुठे?" म्हटलं. "गाळ बघून येतो," म्हणाले. गाळ बघायला आता यंत्रं आहेत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते रोज लांब काठी घेऊन जातात, पुलापलीकडे पाण्याची खोली मोजतात आणि पूलवाल्याला ओरडून सांगतात. पूलवाला मान डोलावतो आणि त्या माहितीचं काहीही करत नाही. रोज त्याच वेळी मोजलं तरच मोजण्याला अर्थ, असं यांचं म्हणणं. मला राग आला, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे वाईट वाटलं होतं.

पूलवाला पूर्वी यांच्या हाताखाली होता. त्यामुळे दुसऱ्या कोणासाठी तो पूल उचलतो आणि खाली सोडतो. यांच्यासाठी उचलतो, कपाळाला हात लावून उभा राहतो, आणि होडी पार वळणाआड गेल्याशिवाय हात खाली आणत नाही. हात खाली आला नाही की पूलही खाली येत नाही. तोवर दोन्ही काठांवर गाड्या, बस, सायकली आणि शिव्या यांची रांग लागते.

गावाने यांचं नावच 'पावणेनऊ' ठेवलं आहे. "पावणेनऊ यायच्या आत निघा," असं बायका नवऱ्यांना सांगतात. आमचे चिरंजीवही रोज तेच म्हणतात, म्हणजे स्वतःच्या बापाच्या आत पूल गाठायला पळतात. तो पलीकडे दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात हाताळून आल्यावर घरात तोंड उघडायला त्याला कंटाळा येतो, म्हणून या गोष्टीत त्याची वाक्यं फारशी नाहीत.

तर एका संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली ती पर्ससकट खुर्चीत बसली. चहा समोर ठेवला तरी हात लावेना.

"बाबा," ती म्हणाली, "मोठ्या साहेबांनी आज बैठक घेतली."

"छान," हे म्हणाले.

"छान नाही. महिनाभरात कोंडी कमी झाली नाही, तर उचलपूल कायमचा बसवून टाकायचा म्हणतात. म्हणजे सांधे जोडून टाकायचे. उचलायचाच नाही."

"आणि बोटी?"

"मोठ्या बोटींसाठी खाली नवा धक्का करतील. छोट्या…" ती थांबली. "छोट्यांचं काही म्हणाले नाहीत. शिफारस मला लिहायची आहे, बाबा. सही माझी जाणार."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आमच्या धक्क्यापासून पूल एवढा जवळ, की तो बसवला तर यांच्या होडीला हंडीत सोडलेल्या माशाइतकीच जागा उरली असती. हे मात्र शांतपणे चमचा ढवळत राहिले. चहात साखर नव्हती, ते साखर घेतच नाहीत.

"तुझं काम आहे," शेवटी म्हणाले. "नीट कर." आणि उठून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेले.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बसवून टाका. उद्याच बसवा. मी स्वतः तिथे येऊन खिळे ठोकते.

सूनबाई कामाला लागली. तिने आधी दगडी पुलावर पाट्या लावल्या: बसने आधी कोणत्या बाजूने यायचं, याच्या. ड्रायव्हर आता खाली उतरून पाटीवर चर्चा करू लागले. मग तिने तराफ्याला वेळापत्रक लावलं. तराफा वेळेवर सुटायला लागला आणि त्यात माणसं नसायची, कारण तराफा वेळेवर सुटेल यावर कोणाचा विश्वासच नव्हता. शाळांच्या वेळा बदलून पाहिल्या, तर आया तिच्या ऑफिसात येऊन बसल्या. बिचारी रोज नवं काहीतरी घेऊन जायची आणि रोज हिरमुसून यायची. घरी मात्र यांना एका शब्दाने बोलली नाही. एकदाच म्हणाली, "बाबा, तुम्ही दहाला गेलात तर?"

"दहाला लोक कुठे जातात?" हे म्हणाले. "दहाला लोक पोचलेले असतात."

शेवटी साहेबांनीच फर्मान काढलं: एक आठवडा पूल उचलायचा नाही, काय होतं ते बघू. म्हणजे एक आठवडा हे घरी.

मागितलं ते मिळालं, की माणसाला कळतं आपण काय मागितलं होतं. पहिल्या दिवशी यांनी माझे स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मला मीठ सापडेना. दुसऱ्या दिवशी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, त्यांच्या कुरकुरीवरून मला कोण आलं ते कळायचं, तेही गेलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र काहीच केलं नाही. खिडकीशी बसून राहिले. घड्याळाला किल्ली दिली नाही, ते सव्वाचारला थांबलं ते थांबलंच. दाढी केली तर केली. मी चहा घेऊन समोर बसले, म्हटलं, चला, बोलू. मी बोलले, त्यांनी हुं केलं. मी पुन्हा बोलले, त्यांनी पुन्हा हुं केलं. असा नवरा मला घरात नको होता. घरात बसलेला माणूस आणि घरात असलेला माणूस यांत फरक असतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

आणि पुलावर? पहिले दोन-तीन दिवस लोक सवयीने आधीसारखेच पळत आले, पावणेनऊच्या आत. होडी नाही, भोंगा नाही, तरी कोंडी तीच. मग त्यांच्या ध्यानात आलं की आता अडवायला कोणी नाही. झालं. सगळे निवांत झोपले, निवांत उठले आणि अगदी शेवटच्या घटकेला, सगळे मिळून एकदम निघाले. त्या दिवशी रांग इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेली. सूनबाई दुपारी घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"होडी असली तरी कोंडी, नसली तरी कोंडी," ती म्हणाली. "आणि साहेब म्हणतात, पूल तर बसवायचाच, निदान काहीतरी केलं असं दिसेल."

आता न्हाणीघराबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात माणसं चार आणि न्हाणीघर एक. हे रोज साडेसातला आंघोळीला जातात आणि आत गेले की जहाज धुतल्यासारखे स्वतःला धुतात. त्यामुळे साडेसातच्या आत उरकावं म्हणून रोज दाराशी युद्ध. टॉवेल खांद्यावर टाकून चिरंजीव, त्याच्या मागे सूनबाई, आणि आत मी असले तर दोघं मिळून दार वाजवतात. अनेक वर्षं हे असंच चाललं होतं आणि यावर उपाय म्हणजे दुसरं न्हाणीघर, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी सूनबाई सकाळी टॉवेल घेऊन आली आणि दारासमोर उभी राहिली. दार सताड उघडं. आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही.

"आई," तिने हाक मारली, "आज रांग नाही?"

"चार दिवस झाले, नाहीच," मी म्हटलं.

"का?"

"तुझे सासरे आता केव्हाही जातात. कधी सहाला, कधी अकराला. केव्हा जातील त्याचा नेम नाही, मग कोण थांबणार? ज्याला जसं जमतं तसं तो उरकून घेतो. तुझा नवरा काल पहाटेच करून मोकळा झाला. मी रात्रीच करते."

ती तशीच उभी राहिली. मग टॉवेल माझ्या हातात दिला, चप्पल घातली आणि निघाली. "अगं, आंघोळ?" मी ओरडले. पण ती कोपऱ्यावर पोचली होती.

संध्याकाळी आली ती उड्या मारतच. यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, तुम्ही उद्यापासून जायचं. रोज जायचं. साहेबांकडून उरलेला महिना मागून घेतलाय."

यांच्या चेहऱ्यावर आठवडाभरानंतर रंग आला. हात आपोआप टोपीकडे गेला.

"फक्त एक अट आहे," ती म्हणाली. "केव्हा जाणार, ते कोणाला कळता कामा नये. आज आठला, उद्या दहाला, परवा साडेनऊला. सगळ्यांना एकच वेळ पक्की माहीत आहे ना, म्हणून सगळे एकाच वेळी पळतात. नेमच नसला तर कोणी लवकर जाईल, कोणी उशिरा, कोणी तराफ्याने जाईल. न्हाणीघरासारखं."

"म्हणजे," हे सावकाश म्हणाले, "मी उशिरा जायचं?"

'उशिरा' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू एखाद्या सभ्य माणसाने भर बाजारात शिवी द्यावी.

"कधी उशिरा, कधी लवकर."

"लवकर म्हणजेही चुकीच्याच वेळी." त्यांनी टोपी परत खुंटीला लावली. "वादळात मी जहाज वेळेवर लावलंय. ताप अंगात असताना लावलंय. लोक माझ्या भोंग्यावर घड्याळ लावतात. वेळ चुकवून जायचं असेल, तर त्यापेक्षा पूल बसवा."

"बाबा!"

"बसवा. मी तक्रार करणार नाही."

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. चिरंजीवाने तोंड उघडलं आणि मिटलं. आणि माझा पारा चढला.

"हो का?" मी म्हटलं. "तुमची वेळ! आख्ख्या जगाला तुमची वेळ मिळाली, जहाजांना मिळाली, पुलाला मिळाली, गाळाला मिळाली. मला काय मिळालं? पाठ. दारातून बाहेर पडणारी पाठ. पूल बसला तर तुम्ही या खिडकीशी बसून हुं हुं करणार, आणि ते ऐकायला घरात कोण असणार आहे? मीच ना? मग ही पोर तुमच्यासाठी आंघोळ न करता ऑफिसात गेली, तिचं ऐका. नाहीतर मीच जाते ती होडी घेऊन, आणि गाळात घालते!"

मी कधी इतकी बोलत नाही, असं मी म्हणणार होते, पण घरातल्या बाकीच्यांनी आक्षेप घेतला असता.

यांनी खुंटीवरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मला जमणार नाही. म्हणजे मनात आणलं तरी. पावणेनऊ झाले की पाय उचलतातच. वेळ ठरवणारं दुसरं कोणीतरी पाहिजे. हुकूम एकाचाच असावा लागतो."

"मग आई ठरवतील," सूनबाई म्हणाली. "आई म्हणतील तेव्हा निघायचं."

अशा रीतीने, कुठलंही शिक्षण, अनुभव किंवा इच्छा नसताना, तिन्ही वाटांची वाहतूक माझ्या हातात आली.

पहिल्या सकाळी हे बूट घालून, टोपी घालून स्वयंपाकघरात येऊन बसले. घड्याळाला किल्ली दिलेली होती आणि त्याचा काटा पावणेनऊकडे सरकत होता. मी मटारची टोपली पुढे ठेवली. "सोला," म्हटलं. ते सोलू लागले. काटा पावणेनऊवर आला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. एक शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले आणि साल खिशात घातलं. फोन वाजला. पूलवाला होता.

"वहिनी, साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. मटार सोलतायत."

त्याने फोन ठेवला, आणि खात्री करायला पुन्हा एकदा केला.

मी त्यांना सगळे मटार संपल्यावर सोडलं. दुसऱ्या दिवशी आमचं सकाळीच वाजलं, त्यांनी मिठाचा डबा पुन्हा हलवला होता म्हणून. मी सातलाच म्हटलं, "निघा माझ्या डोळ्यांसमोरून." तिसऱ्या दिवशी मला माझ्या मावशीचा जुना किस्सा आठवला, तो सांगता सांगता साडेनऊ वाजले. चौथ्या दिवशी पाववाल्याने पाव देताना मला विचारलं, "आज काय, मटार की भांडण?"

"तुला काय करायचंय?"

"ताई, माझी गाडी पलीकडे न्यायची असते."

गावाला आमचा संसार पुलावरून दिसायला लागला. भोंगा लवकर वाजला, की "आज घरात वाजलं", आणि उशिरा वाजला, की लोक एकमेकांकडे बघून हसायचे. म्हातारपणी अशी बदनामी पदरात पडेल असं वाटलं नव्हतं. पण उपाय लागू पडला. पहिले काही दिवस कचेऱ्यांमधले साहेब उशिरा येणाऱ्यांवर खेकसले. "पूल उघडला होता," असं रोज वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी माणसं सांगू लागली, आणि ते खरंही असायचं. शेवटी साहेब लोक कंटाळले आणि म्हणाले, या बाबांनो, आठ ते दहात केव्हाही या. ते स्वतःही तसेच यायला लागले. कोणी लवकर जाऊन पलीकडे न्याहारी करायचा, कोणी घरची कामं उरकून सावकाश निघायचा. तराफा पुन्हा भरेल तेव्हा सुटू लागला, आता त्याची कोणाला घाई नव्हती. दगडी पुलावर दोन बस समोरासमोर येणंच कमी झालं. ड्रायव्हरांची तेवढी गैरसोय झाली, त्यांच्या गप्पा बंद पडल्या.

आणि घरात एक गंमत झाली. टोपी घालून बसलेला माणूस हळूहळू टोपी काढून बसू लागला. हुंच्या जागी शब्द आले. मला आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळलं, की यांना पोहायला येत नाही. मी हसून हसून बेजार झाले. "जहाजात असल्यावर पोहायचं कशाला?" ते चिडून म्हणाले, आणि मग तेही हसले. त्या दिवशी भोंगा कधी वाजला ते मला आठवत नाही.

महिना संपला. मोठे साहेब स्वतः येऊन पुलावर उभे राहिले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि रांग दिसेना म्हणून जरा निराशच झाल्यासारखे परतले. सूनबाईने शिफारस लिहिली: पूल उचलता ठेवावा. सही तिची. त्या संध्याकाळी तिने मला मिठी मारली आणि यांना वाकून नमस्कार करत म्हणाली, "बाबा, पूल तुमचाच." यांनी नाक जोरात शिंकरलं.

रात्रभर मला नीट झोप लागली नाही. एवढे दिवस आमच्या डोक्यावर महिन्याची मुदत होती, म्हणून माणूस माझं ऐकत होता. आता पूल सुटला, मुदत संपली. सूनबाई अजून नेम नको म्हणेल, पण तिचं बोलणं किती दिवस चालणार? पाय आहेत ते, पावणेनऊला उचलणारच. परत पाठ.

सकाळी हे तयार होऊन आले. बूट, टोपी, हातात काठी. मी ओट्याशी होते, पाठमोरीच राहिले. चिरंजीव गेला. सूनबाईला आज निवांत जायचं होतं, ती आत केस विंचरत होती. घड्याळात पावणेनऊ झाले. मी बघितलं नाही. ऐकत होते दाराकडे, पण बिजागऱ्यांना तेल घातलेलं, काय कळणार?

"तुझं आवरलं?" हे म्हणाले.

मी वळले. ते दारात नव्हते. टेबलाशी बसले होते.

"निघा की," मी म्हटलं. "आता कोणी अडवलंय? पूल तुमचा."

"तुझं आवरलं का, ते विचारतोय."

"अजून तासभर आहे. का?"

"मग थांबतो." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "आवरलं की चल."

"कुठे?"

"गाळ बघायला."

मी हात पदराला पुसले. "इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीत!"

"पावणेनऊला तुझे दोन्ही हात पिठात असायचे," ते म्हणाले. "कडेवर पोर, गॅसवर दूध, डबे भरायचे. तेव्हा काय विचारायचं? माझा पाय घरात असला की तुझी आणखी चिडचिड व्हायची. म्हटलं, आपण वेळेवर बाहेर पडावं, तेवढाच तिला मोकळेपणा."

"आणि मला वाटायचं," मी म्हटलं, "तुम्हाला हे घर नकोसं होतं."

आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांची सोय बघत होतो. एवढी गैरसोय कुठल्या भांडणाने केली नसती.

मी तासाभराचं काम निम्म्या वेळात उरकलं, म्हणजे उरलेलं तसंच टाकलं. होडीत बसताना मला त्यांचा हात धरावा लागला. पाण्यावर वारा होता. शीड भरलं आणि लोखंडी पूल आमच्याकडे यायला लागला. खालून तो केवढा मोठा दिसतो, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पितळी भोंगा, मागे रबरी फुगा असलेला, माझ्या हातात दिला.

"तीनदा. जोरात दाब."

मी दाबला. पहिल्यांदा म्हशीने हंबरावं तसा आवाज आला, पुढचे दोन नीट आले. वर घंटा वाजली. आणि तो अवाढव्य पूल मधोमध उघडला, सावकाश, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, आणि मधून निळं आभाळ खाली आलं. वर सगळं थांबलं होतं. एक बस, दोन-चार गाड्या, एक सायकल. हे पुलाकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. मला पूल दिसला की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"दिसला," मी म्हटलं.

पूलवाल्याचा हात कपाळाकडे गेला होता, तो मला बघून अर्ध्यातच राहिला. "वहिनी?" तो वरून ओरडला. आणि कठड्याशी सगळ्यांत पुढच्या गाडीतून एक डोकं बाहेर आलं. केस अगदी नीट विंचरलेले.

"आई! तुम्ही? अहो, मला आज साहेबांनी लवकर बोलावलंय, आत्ताच फोन आला! लवकर जा ना पुढे!"

यांनी घाईघाईने शिडाच्या दोरीला हात घातला. "चल, चल, लोक खोळंबलेत," म्हणाले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"खोळंबू देत जरा," मी म्हटलं. "मी नाही का खोळंबले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आयुष्यात कधीही वेळ न चुकवलेल्या त्या माणसाने, भर पुलाखाली, शीड सैल सोडलं. होडी तिथेच हळूहळू डोलत राहिली, आणि वर सूनबाई हॉर्न वाजवत राहिली.